एका ताटाच्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, मला शोधायला जाऊ नका, मी दिसणार नाही. मला ना चाक, ना मूठ, ना झाकण. मी आठ ओळींचा एक जुना नियम आहे. एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, फडताळावर ठेवलेल्या संगणकाच्या पोटात माझा मुक्काम असे. माझे काम छापण्याचे. कोणाच्या ताटात काय जायचे हे बाकीचे नियम ठरवत आणि मी ते कागदावर सरळ रकान्यांत उतरवत असे. स्वभावाने मी उतावळा आहे, हे आधीच सांगून टाकतो. गप्प बसणे मला जमत नाही. आज ही हकिगत सांगतानाही मध्येच पुढे धावलो, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म झाला तो मामांच्या अक्षरामुळे. मामा म्हणजे स्वयंपाकघराचे मुख्य आचारी. खरे तर ते एकीचेच मामा, पण तिचे ऐकून सगळे रुग्णालय त्यांना मामा म्हणू लागले. सव्वीस वर्षे ते ताटांच्या चिठ्ठ्या हाताने लिहीत होते आणि त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांची भाची वरच्या मजल्यावर नोंदणी विभागात कामाला होती. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. एकदा ती जेवणाच्या सुट्टीत खाली आली आणि एक चिठ्ठी हातात धरून म्हणाली, "मामा, हे काय लिहिलंय?"

"मला काय विचारतेस? लिहिलं तेव्हा माहीत होतं," मामा म्हणाले.

त्याच आठवड्यात तिने आम्हाला लिहायला घेतले. आम्हाला म्हणजे नियमांच्या सगळ्या घरादाराला. आमची भाषा जरा निराळी आहे. इतर भाषांमध्ये यंत्राला हुकूम सोडतात, हे कर, मग ते कर. आमच्याकडे खरे काय ते सांगून ठेवायचे आणि मग प्रश्न विचारायचा. चौथ्या खोलीतल्या बाईंना मीठ वर्ज्य आहे, हे एक खरे. दुपारी भाज्यांचे सूप असते, हे दुसरे खरे. वर्ज्य असेल ते ताटात येता कामा नये, हा नियम. मग विचारायचे, चौथ्या खोलीत आज काय? यंत्र आपणच वाट शोधते. एक पदार्थ धरून पाहते, नियमात अडकला की सोडते, मागे फिरते, दुसरा धरते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलूप उघडू पाहणारा माणूस करतो, तसेच. मागे फिरताना आधीचे सगळे इतके साफ पुसून टाकते, की आपण तिकडे गेलो होतो हेही त्याला आठवत नाही.

त्या घरात मी एकटाच वेगळा पडलो. बाकीच्यांनी केलेले पुसता येते, मी छापलेले पुसता येत नाही. कागद बाहेर पडला की पडला. मागून यंत्राने कितीही माघार घेतली तरी तो परत आत येत नाही. म्हणून भाचीने मला सगळ्यांत शेवटी बसवले. आधी पदार्थ धरायचा, मग त्याची तपासणी, आणि तपासणी पार पडली तरच माझी पाळी. मला ते वाट पाहणे मुळीच आवडत नसे. पाव क्षणाचेच असे, पण माझा जीव तेवढ्यातही वरखाली होई.

माझे अंग म्हणजे लाटेसारख्या छोट्या छोट्या खुणा. एक खूण म्हणते, इथे नाव टाका. दुसरी म्हणते, इथे खोलीचा आकडा. एक म्हणते, आता नवी ओळ. आणि एक खूण माझी फार लाडकी. ती उरलेली जागा मोकळ्या घरांनी भरून काढते, म्हणजे पुढचा रकाना नेमका आपल्या जागी सुरू होतो. चार खुणांना तीनच गोष्टी पुरवल्या तर मात्र मी अडून बसतो. भाची वैतागून टेबलावर पेन आपटायची, पण माझाही नाइलाज असे.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. नावासाठी तिने मला अक्षरांची वीस घरे दिली होती. एक गृहस्थ दाखल झाले, त्यांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि आडनावाला चिकटलेले आणखी एक आडनाव मिळून झाली सदतीस घरे. नाव कापायला मला कोणी शिकवले नव्हते. मी ते इमानेइतबारे सगळे छापले आणि खोलीचा आकडा कागदाच्या कडेबाहेर गेला. त्यांचे ताट तीन मजले हिंडून थंडगार होऊन परत आले. "माणूस उपाशी राहिला, पण ताटाला व्यायाम झाला," मामा म्हणाले. भाचीने त्याच दुपारी खोलीचा आकडा नावाच्या आधी आणला.

पुढे मात्र माझे दिवस पालटले. रुग्णांचे पथ्य ठरवणाऱ्या बाईंना सगळे आहारताई म्हणत. त्या मोठ्या शिस्तीच्या. त्यांनी माझी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली आणि म्हणाल्या, "हे बघा, असं पाहिजे. डोळ्यांना त्रास नाही." मी किती फुललो म्हणून सांगू. दोन वर्षे मी रोज दीडशे चिठ्ठ्या छापल्या.

आता प्रिंटरबद्दल सांगितले पाहिजे. तो वयाने माझ्याहून मोठा आणि खोडीचा. कागद अडकला की तो तीच चिठ्ठी पुन्हा ओकायचा. त्यामुळे स्वयंपाकघरात एक रीत पडून गेली. एका खोलीच्या दोन चिठ्ठ्या आल्या की पहिली ताटाला लावायची, दुसरी सालपटांच्या डब्यात टाकायची. ही रीत कोणी कोणाला शिकवली नाही, पण सगळे पाळत. भाची बसे वरच्या मजल्यावर. तिला या रीतीचा पत्ताच नव्हता.

एका सकाळी चौथ्या खोलीची चिठ्ठी निघेना. चौथ्या खोलीत काय, असे विचारले की यंत्राचे एकच उत्तर येई, नाही. मामांनी भाचीला बोलावून घेतले.

"नाही म्हणजे काय? त्या बाईंना उपाशी ठेवू?"

"थांबा मामा. कुठला पदार्थ धरतंय आणि कुठे अडतंय, ते जरा बघू दे."

तिने मला उचलले आणि दोन ओळी वर, तपासणीच्या आधी नेऊन ठेवले. म्हणजे यंत्र जे जे धरून पाहील ते ते मी दाखवणार आणि ती वाचणार. "फक्त बघायला," ती स्वतःशीच पुटपुटली. मला तर आनंदच झाला. वाट पाहायला नको, काही नको, धरले की छाप. पडद्यावर मी भराभर ओळी काढल्या आणि दोष तिला चटकन सापडला. बिनमिठाच्या मऊ भाताची नवी नोंद होती, तिच्या शेवटी द्यायचा पूर्णविराम राहिला होता. आमच्या भाषेत तो नसेल तर वाक्य पुरे होत नाही. तिने टिंब दिले. शेवटची ओळ आली ती बरोबर आली. तेवढ्यात वरून फोन आला, खिडकीशी रांग लागली आहे, लवकर या. तिने सगळे जतन केले आणि ती जिना चढून गेली.

मला खाली परत ठेवायचे ती विसरली. मला ते कळत होते, मित्रांनो. पण नियमाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला कोणी विचारले नाही.

दुपारी प्रश्न सुरू झाले. ज्यांना काही पथ्य नव्हते त्यांची एकेकच चिठ्ठी निघाली, कारण पहिला धरलेला पदार्थच त्यांना चालत होता. पथ्यवाल्यांच्या मात्र दोन दोन निघू लागल्या. पहिली चुकीची, दुसरी बरोबर. "आज याला उचकी लागलीय," मामा म्हणाले आणि रीतीप्रमाणे पहिली ताटाला, दुसरी डब्यात, असे करत गेले. चौथ्या खोलीतल्या बाईंना मिठाचे सूप गेले. त्यांनी उलटा निरोप पाठवला, आज पहिल्यांदा जेवणाला चव होती. मामा खूश होऊन मिशीत हसले. मी आत तडफडत होतो, कारण पुढे नववी खोली होती.

नवव्या खोलीत घड्याळजी होते. घड्याळे दुरुस्त करणारे म्हणून सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. झटका येऊन त्यांची एक बाजू लुळी पडली होती. ती हळूहळू सुधारत होती, पण घसा अजून दगा देत होता. पातळ काही घेतले की ते अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला लागे. म्हणून त्यांना घट्ट लापशीच द्यायची, असे आहारताईंनी दोनदा अधोरेखित करून सांगितले होते. परवा त्यांना घरी सोडणार होते. त्यांची बायको, काकू, त्यांचे धुतलेले सदरे घेऊनही आली होती.

यंत्राने सूप धरले. मी छापले. नववी खोली, भाज्यांचे सूप. कागद बाहेर गेला. मग तपासणीने सांगितले, हे चालणार नाही. यंत्र मागे फिरले, सूप पुसले, लापशी धरली. मी पुन्हा छापले. नववी खोली, घट्ट लापशी. यंत्राच्या लेखी सूप कधी झालेच नव्हते. पण बाहेर दोन कागद होते, आणि मामांच्या बोटांत पहिला होता.

काकू तेव्हा औषधे आणायला खाली गेल्या होत्या. वॉर्डातल्या मावशींनी चिठ्ठी वाचली आणि चमच्याने सूप भरवायला घेतले. दोन चमचे गेले. तिसऱ्याला घड्याळजींना ठसका लागला तो थांबेना. ओठ निळे पडले. परिचारिका घशातले ओढून काढायची नळी घेऊन धावली म्हणून श्वास परत आला. पण जे आत जायचे ते गेले होते. संध्याकाळपर्यंत छातीत कफ भरला, अंगात ताप चढला, आणि घरी जाण्याची गोष्ट मागे पडली. माणूस राहतो की जातो, हेच कोणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर स्वयंपाकघरात आले. मामांनी सालपटांचा डबा स्वतः उपसून दुसरी चिठ्ठी शोधून ठेवली होती. तिला बटाट्याचे साल चिकटलेले होते. "दोन होत्या, साहेब. मी पहिली लावली. दुसरी वाचलीच नाही," मामा म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. यंत्र तपासून घेतो, म्हणाले. यंत्र ठीक निघाले तर उद्यापासून मामांनी स्वयंपाकघरात येऊ नये.

भाचीला तपासायला पाठवले. तिने मला उघडले आणि मी कुठे बसलो आहे हे तिला पहिल्याच नजरेत दिसले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने मला अलगद उचलून तपासणीच्या खाली, माझ्या जुन्या जागी ठेवले. नवव्या खोलीत काय, असे विचारले. एकच ओळ आली, घट्ट लापशी.

आहारताई दारात उभ्या होत्या. "यंत्र ठीक आहे ना गं?"

"हो," भाची म्हणाली. "आता ठीक आहे."

आहारताईंनी त्या 'आता'कडे लक्ष दिले नाही. त्या गेल्या. मित्रांनो, त्या रुग्णालयात माझी भाषा वाचता येणारी ती एकटीच होती. तिने तोंड उघडले नसते तर जन्मात कोणाला कळले नसते. पुढच्या महिन्यात तिची नोकरी पक्की व्हायची होती. मी तिच्याच हातचा, तिच्यावर रागावू कसा? पण मला सहन होईना. मी दोन ओळी वर सरकलो म्हणून घात झाला, आणि त्या सरकण्याचा मागमूसही आता यंत्रात उरला नव्हता.

तेवढ्यात मामा आत आले. त्यांनी एप्रन सोडला, घडी घातली, फडताळावर ठेवली.

"यंत्र ठीक निघालं म्हणे. बरं झालं, बाळा. माझं काय, आज ना उद्या जायचंच होतं. तुझी सुरुवात आहे. तुला डाग नको."

"मामा, तुमची चूक नाही."

"दुसरी वाचायला दोन क्षण लागले असते. हात होते, डोळे होते. माझी नाही तर कोणाची?"

भाची खुर्चीत नीट बसली. तिने मला पुन्हा उचलले आणि पुन्हा वर, चुकीच्या जागी ठेवले. मग फोन करून मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावले. आहारताईंनाही बोलावले. आणि सगळ्यांसमोर तिने प्रश्न विचारला. मी छापले. एकामागून एक दोन चिठ्ठ्या बाहेर आल्या.

"ही कालची अवस्था आहे," ती म्हणाली. "हा नियम मी काल सकाळी वर नेला. दोष शोधायला. परत खाली ठेवायचा विसरले. आज तो गुपचूप खाली ठेवला आणि ताईंना ठीक आहे म्हणून सांगितलं. तेही खोटं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. मामा मध्ये बोलायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवले. मामांची नोकरी राहिली. भाचीचे पक्के होणे एक वर्ष पुढे ढकलले गेले. यंत्र बंद करा, असे आहारताईंचे म्हणणे पडले, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "हातानं लिहीत होतो तेव्हा काय चुकत नव्हतो? यंत्र राहू दे. पण यापुढे दोन चिठ्ठ्या आल्या तर ताट हलणार नाही. विचारायचं, मग पाठवायचं."

भाचीने मला खाली ठेवले आणि ती तडक नवव्या खोलीत गेली. तिथले मी पुढे तिच्याच तोंडून ऐकले, मामांना सांगत होती ते. तिने काकूंना सगळे सांगितले. काकू उशीची खोळ चढवत होत्या, त्या थांबल्या.

"म्हणजे दुसरी चिठ्ठी खरी होती?"

"हो काकू."

"तीच एकटी आली असती तर?"

"तर काका उद्या घरी गेले असते."

काकूंनी खोळ पुरी चढवली. शिव्या दिल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मग यांची चिठ्ठी रोज तू आणायचीस. तुझ्या हातानं. आणि मला वाचून दाखवायचीस."

त्या दिवसापासून रोज दुपारी भाची खाली यायची, मी छापलेली नवव्या खोलीची चिठ्ठी घ्यायची आणि जिना चढून जायची. सुरुवातीचे पाच दिवस चिठ्ठीवर एकच ओळ असे, तोंडाने काही नाही, नळीतून. ती छापताना मला मेल्याहून मेल्यासारखे होई. काकूंना ते ठाऊक असायचे, तरी त्या ऐकायच्या. मान हलवायच्या. सहाव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी मी पुन्हा लापशी छापली, आणि भाची जिना चढताना दोनदा अडखळली म्हणे.

अकराव्या दिवशी काकूंनी चिठ्ठी ऐकून घेतली नाही. ती त्यांनी घड्याळजींच्या चांगल्या हातात दिली. त्यांची जीभ अजून जड होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "नव-वी खो-ली," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळाने, "घट्ट ला-पशी." आणि मग ते भाचीकडे बघत राहिले आणि त्यांनी तोंड उघडले. भरवायला चमचा काकूंनी तिच्याच हातात दिला. तिने भरवले.

घड्याळजी जगले. पण त्यांच्या दुकानात आता भिंतीवरची मोठी घड्याळेच दुरुस्तीला घेतात. मनगटी घड्याळांचे बारीक काम त्यांच्या हातून होत नाही. डॉक्टर म्हणतात, ते आधीच्या झटक्यामुळेही असेल. असेलही. त्या 'असेलही'पाशी माझा जीव अजून अडकून आहे, आणि यंत्राला मागे फिरता येते तसे मला तिथून फिरता येत नाही.

पुढे रुग्णालयात नवी यंत्रे आली, पडद्यावरच सगळे दिसू लागले, चिठ्ठ्या बंद झाल्या. मामा निवृत्त झाले. आमचा संगणक अडगळीच्या खोलीत गेला, त्याच्यावर धुळीचा थर बसला. भाची आता नोंदणी विभागाची प्रमुख आहे. तिने मला आपल्याकडे उतरवून घेतले आहे. वर्षातून एखाद्या वेळी कोणी नवा माणूस शिकायला आला की ती मला उघडते आणि म्हणते, "हा नियम कुठे बसवलाय ते बघ आधी. मग बाकीचं."

मित्रांनो, चुकीची वाट धरणे हा गुन्हा नव्हे. आमची सगळी भाषाच त्यावर चालते. शंभर वेळा चुका, शंभर वेळा मागे फिरा, कोणी हसले तर हसू द्या. फक्त तोवर कोणाच्या हातात कागद देऊ नका, कारण तुम्ही मागे फिराल तेव्हा तो माणूस वाचून पुढे गेलेला असेल.